‘काल रात्री’चा गुन्हा

मी इंग्रजीचा मास्तर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कोणी पत्र लिहून ते मला कळविण्याची तसदी घ्यायला नको. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण दहावीपर्यंत, ज्याला आमची आजी शेवटपर्यंत ‘मॅट्रिक’च म्हणत आली, आणि त्यावर चित्रकलेची पदविका. चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या दोन छापल्या गेल्या आणि एक वाचली गेली. एवढ्या भांडवलावर इंग्रजी भाषेविषयी तोंड उघडणे हे धाडसच. पण शाळेत ज्याचा तास रिकामा असेल त्याला कुठल्याही वर्गावर पाठवितात, आणि चित्रकलेच्या मास्तराचा तास सर्वांच्या मते कायमच रिकामा असतो. त्यामुळे इंग्रजीच्या बाई रजेवर गेल्या की त्यांच्या खुर्चीत मी बसावयाचे, असे गेली कित्येक वर्षे चालले आहे. मला आज भांडायचे आहे ते त्या खुर्चीमागच्या भिंतीवर लटकणाऱ्या एका तक्त्याशी.

तक्ता मोठा देखणा आहे. देखणा असणारच, कारण तो मीच रंगविला आहे. डाव्या रकान्यावर तांबड्या अक्षरांत ‘चूक’, उजव्यावर हिरव्या अक्षरांत ‘बरोबर’, आणि खाली वेळेच्या शब्दांची फौज उभी. ‘येस्टर्डे नाइट’ चूक, ‘लास्ट नाइट’ बरोबर. ‘टुडे मॉर्निंग’ चूक, ‘धिस मॉर्निंग’ बरोबर. ‘सिन्स टू डेज’ चूक, ‘फॉर टू डेज’ बरोबर. ‘प्रीपोन’समोर तर बरोबरच्या रकान्यात काहीच नाही, नुसती फुली. तपासणीला येणारे साहेब अक्षराची तारीफ करतात. मीही काही वर्षे त्या तारिफीवर खूश होतो.

सहा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. एका सोमवारी मी आठवीच्या वर्गावर बदली तास घेत होतो. वर्गातल्या एका मुलाचा चुलतभाऊ दाराशी आला आणि त्याने एक चौपदरी घडीचा कागद माझ्या हातात दिला. रजेचा अर्ज. आमच्या शाळेत रजेचा अर्ज इंग्रजीतून द्यावा लागतो. मुलांना सराव व्हावा, ह्या चांगल्या हेतूने तो नियम झाला आहे. वाईट हेतूने केलेला नियम मी तरी अजून पाहिलेला नाही. अर्ज त्या मुलानेच लिहिला होता. वडील ‘येस्टर्डे नाइट’ वारले, सबब दोन आठवडे रजा मिळावी, असा त्याचा मजकूर. माझ्या हातात वह्या तपासण्याचे तांबडे पेन होते. डोळ्यांना ‘येस्टर्डे नाइट’ दिसले आणि हात आपोआप चालला. मी त्या दोन शब्दांभोवती वर्तुळ काढले, वर ‘लास्ट नाइट’ लिहिले आणि कागद परत देत म्हणालो, “सुधारून आणायला सांग.” तो पोरगा जिना उतरून गेला तेव्हा कुठे ते वाक्य मला पुरते वाचल्यासारखे झाले. धावत खाली गेलो. फाटकाबाहेर पावसात कोणी दिसले नाही.

बरोबर दोन आठवड्यांनी, सोमवारीच, मुलगा शाळेत आला. डोके तुळतुळीत केलेले, वर टोपी. हजेरीच्या आधी तो टेबलापाशी आला आणि त्याने एक कोरी करकरीत प्रत माझ्यासमोर ठेवली. ‘लास्ट नाइट’खाली पट्टी धरून रेघ ओढली होती. म्हणाला, “सर, सुधारून आणलाय.”

त्या दिवशी खरे म्हणजे ‘लास्ट नाइट’ही चूकच होते. चौदा रात्री उलटून गेल्या होत्या.

त्यानंतर मी ह्या शब्दांच्या मागे लागलो. रात्री जेवणे झाली की वाचनालयातून आणलेले जाडजूड कोश घेऊन बसायचे, नडले की बाईंना विचारायचे. हाती आले ते असे. इंग्रजीत ‘येस्टर्डे मॉर्निंग’ चालते, ‘येस्टर्डे आफ्टरनून’ चालते, ‘येस्टर्डे ईव्हनिंग’सुद्धा चालते. रात्र आली की मात्र ‘येस्टर्डे’ला दार बंद. तेथे ‘लास्ट’ पाहिजे. मग ‘लास्ट मॉर्निंग’ म्हणावे, तर तेही नाही. आजच्या सकाळला ‘धिस मॉर्निंग’, आजच्या संध्याकाळला ‘धिस ईव्हनिंग’, पण आजच्या रात्रीला ‘धिस नाइट’ म्हणावयाचे नाही, तिला ‘टुनाइट’. ह्यात नियम शोधू गेलात तर सापडत नाही. ही वहिवाट आहे. शेजाऱ्याच्या परसातून पाण्याला वाट असावी तशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. कागदपत्र विचारू नये.

बरे, ही वहिवाट तरी सनातन आहे का? नाही. पूर्वी इंग्रजीत ‘येस्टरनाइट’ असा सरळ, नेमका, आपल्या ‘काल रात्री’च्या मापाचा शब्द नांदत होता. आगरकरांनी जे नाटक ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणले त्या ‘हॅम्लेट’मध्ये तो आहे. राजपुत्राचे वडील वारलेले, आणि मित्र होरेशियो त्याला सांगतो आहे की, ते मला काल रात्री दिसले. तेथे शेक्सपिअरने ‘येस्टरनाइट’ हाच शब्द घातला आहे. मी त्या पानावर बराच वेळ थांबलो होतो. आमच्या शाळेत शेक्सपिअरला आठवीत बसविले असते तर त्याच्याही कागदावर तांबडे वर्तुळ पडले असते, कारण वर्तुळ काढणारा मीच होतो.

उलटा प्रकार कल्पून पाहा. दिवाळीला कोणी इंग्रज पाहुणा तुमच्या घरी आला आहे, चार महिने खपून मराठी शिकलेला आहे, आणि चकली मोडता मोडता म्हणतो, “शेवटच्या रात्री मी तुमच्याकडे जेवलो.” ‘लास्ट नाइट’चे त्याने बिचाऱ्याने शब्दशः मराठी केले. तुम्ही त्याला वर्तुळ काढाल काय? घरातली बायकामाणसे तोंडाला पदर लावून हसतील, आजी म्हणेल ‘किती गोड बोलतो मेला’, आणि त्याच्या ताटात आणखी एक लाडू पडेल. आपल्या भाषेत चुकणाऱ्या परक्याला लाडू आणि परक्या भाषेत चुकणाऱ्या आपल्या लेकराला तांबडी शाई, हा न्याय आपण कुठून आणला? त्या पाहुण्याचे ते ‘शेवटच्या रात्री’ मी एकदा त्या मुलाच्या अर्जाला लावून पाहिले आणि कोश मिटून ठेवला.

इंग्रजीच्या बाई ह्यावर म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मी टाकून देत नाही, की परीक्षेत गुण जातात ते तुमच्या वहिवाटीला भीक न घालता जातात. शहरात मुलाखतीला गेलेले आपले पोर ‘टुडे मॉर्निंग’ म्हणाले की समोरची मंडळी एकमेकांकडे पाहून हसतात. हे खरे आहे. म्हणून शिकवा, जरूर शिकवा. ‘त्यांच्यात असे म्हणतात’ एवढे सांगून शिकवा. माझी तक्रार शिकविण्याविषयी नाही, ती फुलीविषयी आहे. ज्या बोलण्यातून ऐकणाऱ्याला तसूभरही गैरसमज होत नाही त्यावर आपण फुल्या मारीत बसतो, आणि जेथे माणूस खरोखर फसतो, खड्ड्यात पडतो, तेथे आपल्या तक्त्यावर एक ओळ नसते.

मागच्या दिवाळीत माझी ताई आणि मेहुणे मुलांना घेऊन आमच्याकडे यायला निघाले. मेहुणे पदवीधर, कचेरीत दिवसभर इंग्रजीतून पत्रे लिहिणारे. त्यांच्या तोंडून ‘येस्टर्डे नाइट’ कोणी ऐकले नसेल. शुक्रवारचे तिकीट, कल्याणहून गाडी रात्री १२ वाजून २५ मिनिटांनी. मंडळी शुक्रवारी रात्री साडेअकराला फलाटावर हजर: फराळाचे तीन डबे, दोन पेंगुळलेली मुले आणि आकाशकंदिलाचे खोके. तपासनिसाने तिकीट पाहिले आणि तो म्हणाला, “सर, ट्रेन वेंट येस्टर्डे नाइट.”

ते वाक्य मेहुण्यांना एका क्षणात कळले. त्यांनी ते दुरुस्त केल्याचे ताईने सांगितले नाही.

गंमत पाहा. तारखेने पाहिले तर ती गाडी शुक्रवारीच सुटली होती; तिकिटावर ० वाजून २५ मिनिटे असे लिहिलेले होते, आणि रेल्वेच्या चोवीस तासांच्या घड्याळात मध्यरात्रीचा ठोका पडला की गुरुवार मेला, शुक्रवार जन्मला. पण तपासनीस बोलला आपल्या हिशोबाने, आणि आपल्या हिशोबाने ती गुरुवारची रात्रच होती. आपला वार सूर्य उगवेपर्यंत बदलत नाही. पंचांगात तसाच धरला आहे. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आई बजावते, “झोपा लवकर, उद्या पहाटे अभ्यंगस्नानाला उठायचे आहे”. रात्री एक वाजता पोराला जाग आली तरी त्याच्या लेखी ते ‘उद्या’ अजून आलेले नसते. पहाट झाली, चुलीवर पाणी तापले, म्हणजे उद्या आला. दोन्ही रिती आपापल्या जागी ठीक आहेत. पण एका रितीने जगणाऱ्या माणसाला दुसऱ्या रितीचे तिकीट देताना कोणी तरी सांगायला नको, की बाबा रे, रात्री बारानंतरच्या गाडीसाठी आदल्या रात्री घरून निघ? हे कुठल्या इयत्तेत शिकवितात? मी तक्ता पुन्हा पुन्हा वाचला. त्यात नाही.

आणि ‘ए. एम.’, ‘पी. एम.’ ह्या जोडीविषयी तर बोलायलाच नको, पण बोलतो. ‘ए. एम.’ म्हणजे लॅटिनमध्ये मध्यान्हापूर्वी, ‘पी. एम.’ म्हणजे मध्यान्हानंतर. आता दुपारचे ठीक बारा घ्या. ते मध्यान्हापूर्वी की मध्यान्हानंतर? ते तर खुद्द मध्यान्ह! आणि रात्रीचे बारा एका मध्यान्हाच्या बारा तास नंतर आणि दुसऱ्याच्या बारा तास आधी असतात. म्हणजे त्यांना दोन्ही लागू. ही केवळ मास्तरी कुरापत नव्हे. अमेरिकेच्या सरकारी छापखान्याची जी लेखननियमांची पुस्तिका आहे तिच्यात दुपारच्या बाराला ‘१२ ए. एम.’ आणि रात्रीच्या बाराला ‘१२ पी. एम.’ लिहावे असा नियम होता. २००८च्या आवृत्तीत तो उलटा केला. जेथे सरकारी छापखान्यालाच आपला बारा उलटा करावा लागला, तेथे आमच्या पोरांनी अर्जाची मुदत ‘१२ ए. एम.’ वाचून दुसऱ्या दिवशी दुपारी संगणकासमोर बसावे ह्यात नवल ते काय! ‘नून’ हा शब्दसुद्धा मुळात बाराचा नव्हेच. तो लॅटिनमधल्या ‘नववा’ ह्या शब्दापासून निघाला. सूर्योदयापासून नववा तास, म्हणजे आपला तिसरा प्रहर सरता सरता. मध्ययुगात तो सरकत सरकत बारावर येऊन बसला. आपल्याकडे दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा म्हटले की आंधळ्यालाही कळते. ही सोय असलेली भाषा ज्याच्या घरात आहे त्या पोराला आपण सांगतो की, वेळ नेमकी सांगायची तर इंग्रजीतून सांग.

ह्याहून मोठा खड्डा आठ दिवसांचा. ‘आठवडा’ ह्या शब्दात आठ बसला आहे, पण आठवड्याचे दिवस सात. सोमवारपासून सोमवारपर्यंत दोन्ही टोके धरून मोजले की आठ होतात; फ्रेंच माणूसही म्हणे तसेच मोजतो, आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतो. आपलाही पंधरवडाच. इंग्रजाचा मात्र ‘फोर्टनाइट’, म्हणजे चौदा रात्री. दिवस सोडून रात्री मोजण्याची ही रीत जर्मानिक टोळ्यांत होती असे रोमन लेखक टॅसिटसने पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे. (रात्रींनी काळ मोजणाऱ्या ह्या लोकांच्या भाषेत ‘कालच्या रात्री’लाच जागा उरू नये, हे मला त्या पंधरवड्यानंतर विशेष लागले.) आमच्या आळीतल्या एका आजीबाईंचे मोतीबिंदूचे काम झाले. सोमवारी पट्टी बांधताना सांगितले, “आठ दिवसांनी या.” डोळ्यांचे डॉक्टर तेथे फक्त सोमवारी येतात. आजीबाई म्हणाल्या, येत्या सोमवारी जायचे. नातू इंग्रजी माध्यमाचा, हिशोबात हुशार. त्याने बोटे मोजली आणि म्हणाला, “आज्जी, आजपासून आठ दिवस म्हणजे मंगळवार. सात अधिक एक.” मंगळवारी रिक्षा करून दोघे गेली. दाराला कुलूप. आणखी सहा दिवस आजीबाई हिरवी झापड लावून ओट्यावर बसून राहिल्या. नातवाचे गणित बरोबर होते, इंग्रजीही बरोबर होते. त्याला आपला आठवडा तेवढा कोणी शिकविला नव्हता.

एक आरोप नेहमी ऐकू येतो आणि तो करणारे बहुधा मराठीच असतात: इंग्रजी भाषेत वेळेची शिस्त आहे, आपल्या भाषेत सगळे ‘आलोच’ आणि ‘आत्ता करतो’. ‘आलोच’ म्हणणारा माणूस अजून अंघोळीलाही गेलेला नसतो, हे मी मान्य करतो. मी स्वतः त्यातला आहे. पण शिस्तीच्या भाषेत काय घडले ते ऐका. ‘सून’ म्हणजे लवकरच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता ‘ताबडतोब’. ‘अनॉन’ म्हणजे थोड्या वेळाने. आधी त्याचाही अर्थ ‘तत्क्षणी’ असाच होता. ‘प्रेझेंट्ली’चीही तीच कथा. आणि ‘बाय अँड बाय’! १६११च्या इंग्रजी बायबलात राजासमोर नाचणारी पोर योहानाचे शिर तबकात मागते ते ‘बाय अँड बाय’ मागते, म्हणजे ह्या घटकेला. आज तोच शब्द वाचणाऱ्याला वाटेल, सवडीने आणा म्हणते आहे. म्हणजे इंग्रजांनी हजार वर्षांत ‘ताबडतोब’ अर्थाचे चार शब्द घडविले आणि चारही वापरून वापरून ‘बघू पुढे’ करून टाकले. माणूस तिकडेही उठतो, उठतो म्हणत अंथरुणातच असतो. असो, ह्या बाबतीत दोन्ही देशांनी एकमेकांना नावे ठेवू नयेत.

‘सिन्स टू डेज’चे प्रकरण लहान आहे. आपल्या ‘पासून’ला आरंभ आणि लांबी दोन्ही चालतात, इंग्रजीला त्यासाठी दोन शब्द लागतात, चार वेळा सांगितले की मुलांना येते. ‘प्रीपोन’ मात्र आपल्याकडच्या माणसांनी ‘पोस्टपोन’ला जोडीदार म्हणून चालविलेला शब्द. इतका सोयीचा की ऑक्सफर्डच्या कोशाने त्याला रीतसर घरात घेतले आहे. मी काढलेली फुली तेवढी भिंतीवर राहिली. आणि ह्या सगळ्या धांदलीत, ‘क्वार्टर टू’ चुकले तर रडणाऱ्या मुलाला मी परवा विचारले, पावणेनऊ म्हणजे किती? तो म्हणाला, “सर, साडेनऊच्या आधीचं काहीतरी.”

ह्या शाळावर्षाच्या सुरुवातीस मी मनाशी ठरवून मुख्याध्यापकांकडे गेलो. दोनच मागण्या: घरात दुःख झाले असता रजेचा अर्ज मराठीत चालावा, आणि तक्त्याची पहिली ओळ पुसून तेथे रात्री बाराच्या गाडीची ओळ घालण्याची मला मुभा असावी. रंग माझा, ब्रश माझा. गृहस्थ सज्जन आहेत. म्हणाले, “नेक्स्ट फ्रायडेच्या सभेत घेऊ या.” तो वार बुधवार. मी दोन दिवसांनी, शुक्रवारी, शाळा सुटल्यावर रंगाचा डबा घेऊन गेलो. खोलीला कुलूप. शिपाईमामा व्हरांडा झाडीत होते. म्हणाले, “सभा येत्या शुक्रवारी न्हाई मास्तर, पुढल्या शुक्रवारी.”

पुढल्या शुक्रवारी सभा झाली. अर्जाचा विषय विचारासाठी ठेवला आहे. तो अजून तेथेच आहे. तक्त्याची परवानगी मिळाली. मी खुर्चीवर चढलो, पहिल्या ओळीवर पांढरा हात दिला आणि वाळल्यावर वर गाडीची ओळ लिहिली. तांबडा रंग हट्टी असतो, खालून अजून दिसतो. सुटी संपायच्या आत आणखी एक हात द्यायचा आहे.